बाराव्या माणसाचा डावा पाय

त्या वर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हापासून आमचे हे लंगडत होते, आणि पाय काही केल्या दाखवायला तयार नव्हते. विचारलं की म्हणायचे, "बूट चावतो." मोहोपाड्याच्या कारखान्यात हे स्टोअर सांभाळायचे, तिथले ते जाड तळाचे बूट. बूट चावतो तर घरी आल्यावर काढावा ना? काढायचे, पण लगेच मोजे चढवायचे. मोजे घालून जेवायचे, मोजे घालून झोपायचे. "पायाला थंडी वाजते," म्हणे. मार्च महिन्यात, चौक गावासारख्या ठिकाणी, जिथे दुपारी पत्र्याला हात लावला तर फोड येतो!

मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. चौकपासून दोन मैलांवरची आमची वाडी आणि आसपासच्या सात-आठ वाड्या, एवढ्यांचे पाय माझ्या ओळखीचे होते. कोयत्याचे घाव, बाभळीचे काटे, विंचू, चिखल्या, हायवेवरच्या गॅरेजमधल्या माणसांचे भाजलेले पंजे, सगळं मी धुतलं, पुसलं, बांधलं. आणि माझ्याच घरातले दोन पाय मला बघायला मिळत नव्हते. त्यात यांना साखर. दोन वर्षांपूर्वी तपासणीत निघाली होती. गोळी मी हातावर ठेवली तर घ्यायची, नाहीतर नाही. साखरेच्या माणसाच्या पायाचं काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि यांनाही ठाऊक होतं, कारण यांच्या वडिलांचा पाय असाच गेला होता. दवाखान्यात नेलं, मांडीपासून कापला, आणि आठव्या दिवशी माणूसही गेला. तेव्हापासून यांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. पाय दाखवला म्हणजे पाय गेला. "आधी तू बघणार, मग डॉक्टर बघणार, मग करवत येणार," असं म्हणून एकदा यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. दुपारच्या झोपेत मी मोजा ओढायला गेले तर लाथ बसली. झोपेत लागली म्हणाले. झोपेत नव्हती.

मी प्रार्थना करत होते का? करत होते, पण ती प्रार्थना कमी आणि तक्रार जास्त होती. देवा, या माणसाला अक्कल दे. एवढंच. अक्कल काही आली नाही. तीन आठवडे झाल्यावर मी देवाशी बोलणंही कमी केलं. ज्याला मी चौदा वर्षं लोकांचे पाय धुऊन दिले, त्याला माझ्यासाठी एक मोजा काढता येत नाही, असं काहीतरी मनात होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

अशात फादरांनी एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर जाहीर केलं की पवित्र गुरुवारी आपल्याकडे स्वतः बिशप येणार आहेत आणि पाय धुण्याचा विधी तेच करणार आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारच्या मिस्सामध्ये धर्मगुरू बारा पुरुषांचे पाय धुतात. प्रत्येकाचा एकच पाय, उजवा. तांब्याने पाणी घालायचं, टॉवेलने पुसायचं, वाकून ओठ टेकवायचे आणि पुढच्या खुर्चीकडे जायचं.

बिशप त्या दिवशी खरं तर आपल्या मोठ्या चर्चमध्ये असतात. पण हे बिशप त्याच वर्षी निवृत्त होणार होते, आणि त्यांची सुरुवात आमच्याच भागात झाली होती. तरुणपणी नवे धर्मगुरू म्हणून ते कर्जत स्टेशनला उतरून छत्री आणि क्विनाइनची बाटली घेऊन वाडीवाडीला पायी फिरले होते. तेव्हा ना चर्च होतं, ना दवाखाना. शेतावरच्या मांडवात मिस्सा व्हायची, आणि ज्याच्या ओटीवर जागा मिळेल तिथे ते पथारी टाकायचे. पुढे शिकले, वर चढले, बिशप झाले, पण दर दोन-तीन वर्षांनी काही ना काही निमित्त काढून इकडे येऊन जायचे. आता शेवटचा पवित्र गुरुवार त्यांना इथेच करायचा होता, आणि निरोप असा होता की बारा माणसं गावातलीच हवीत. कारखान्याच्या कॉलनीतली नकोत.

हे ऐकून सगळे खूष झाले आणि कामं माझ्या गळ्यात पडली. फादर मंगळूरकडचे, वय अठ्ठावीस, मराठी पुस्तकी आणि स्वभाव भित्रा. "बाई, तुम्ही बघाल ना?" एवढंच त्यांना सुंदर बोलता यायचं. बारा टॉवेल मी धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून ठेवले. तांब्याचं घंगाळ चिंचेने घासलं. एप्रिलचा महिना, विहिरीने तळ गाठलेला, त्यातून पाय धुण्यासाठी चार हंडे पाणी वेगळं राखायचं म्हणून बायकांची बोलणी खाल्ली. बिशपांना तिखट चालत नाही, म्हणून वेगळी आमटी. आणि या सगळ्यात घरात एक माणूस लंगडतोय हे मी बाजूला ठेवलं. विसरले नाही, बाजूला ठेवलं. ईस्टर झाला की काय तो सोक्षमोक्ष लावू, असं ठरवलं.

बारा माणसांची यादी धाकूमामांनी केली होती. धाकूमामा म्हणजे आमच्या वाडीचे कर्ते. रजिस्टरात नाव डॉमिनिक, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघायचे नाहीत. साठीचा, शेतात राबून वाळलेला माणूस. चर्चच्या पायाचे दगड त्यांनीच वाहिलेले. दर वर्षी बाराजणांत पहिली खुर्ची त्यांची. त्यामुळे या बाजूने मला काळजी नव्हती.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी खुर्च्या मांडत होते तेव्हा धाकूमामांची बायको काशीवैनी दारात येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी.

"बाय, आमचा म्हातारा यायचा नाय."

"का? काय झालं?"

"त्यो कौलांवर चढलाय."

मला वाटलं उन्हाने हिला चक्कर आली. पण जाऊन बघते तो खरंच. धाकूमामा घराच्या आढ्यावर बसून कौलं चाळत होते.

"मामा, खाली या. पाच वाजता मिस्सा आहे. अंघोळ करायची आहे."

"कौलं फुटलीत गं बाय. पावसाच्या आधी चाळाया नकोत?"

"पाऊस जूनमध्ये येतो. हा एप्रिल आहे."

"लवकर आला मंग?"

पुढच्या घरी गेले तर तिथल्या माणसाला ताप होता. मी थर्मामीटर आणून तोंडात खुपसला. ताप नव्हता. "आतला ताप हाय," असं तो म्हणाला. तिसरा बैल शोधायला इर्शाळगडाच्या पायथ्याला गेला होता आणि बैल गोठ्यात रवंथ करत उभा होता. चौथा नेरळला मुलीच्या सासरी गेला होता, तो मात्र खरंच गेला होता. असं करत करत मी बारा घरं फिरले. बारांतला एकही माणूस यायला तयार नव्हता. हसावं की रडावं कळेना. महिनाभर यांनीच मिरवलं होतं, आमच्या वाडीला बिशप येणार, आमचे पाय धुणार! आणि आता ऐन दिवशी हे असं.

मी परत धाकूमामांच्या घराखाली आले आणि कमरेवर हात ठेवून ओरडले. आजूबाजूच्या चार घरांना ऐकू गेलं असेल. "मामा, खरं सांगा काय ते. नाहीतर मी शिडी काढून नेते."

तेव्हा वरून उत्तर आलं. "बाय, तूच सांग. बिशपसाहेब सत्तरीच्या वर. आमच्यापरीस थोर. त्यांनी खाली बसून आमच्या पायाला हात लावायचा? मंग आमी कंच्या नरकात जायचं?"

"दर वर्षी बसता की! फादर पाय धुतात तेव्हा नरक कुठे जातो?"

"फादर पोरासारखा हाय. पोरानं पाय धरलं तर धरलं. थोराचा हात पायाला लागला तर इटाळ त्याला नाय, पाप आपल्याला."

वर्षानुवर्षं या माणसांनी हा विधी पाहिला होता, आणि त्यांच्या मनात त्याचा अर्थ एवढाच होता की तरुण फादर गावातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. छान रीत आहे, पोराला वळण आहे. उलटं काही असेल ही शंकाही कुणाला कधी आली नव्हती. हे फादरांना कळलं नव्हतं, मला कळलं नव्हतं, आणि सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी घरी आले तर आमचे हे सुट्टी घेऊन ओटीवर बसलेले, बूट-मोजे सगळं चढवून. सगळी हकीकत ऐकून इतक्या मोठ्याने हसले की वाडीला ऐकू गेलं आणि ठसका लागला. "बारा माणसं पळाली? पायाला हात लावतील म्हणून?" मी म्हटलं, हसा. पाय लपवणारे तुम्ही एकटे नाही एवढं तरी कळलं. त्यावर हसणं थांबलं.

बिशप तीन वाजता जीपने आले. बारीक अंगाचे, केस पांढरे, गुडघे धरून उतरले. स्वागताला मी आणि फादर, बस. फादरांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून मीच सांगितलं, आणि गोड करून सांगितलं नाही. "बिशपसाहेब, बारा खुर्च्या आहेत, बारा टॉवेल आहेत, चार हंडे पाणी आहे. माणूस एकही नाही." मग कारण सांगितलं. मला वाटलं ते रागावतील, किंवा निदान काळजीत पडतील. त्यांनी विचारलं, "चहा आहे का?" चहा दिला. शांतपणे बशीत ओतून प्यायले. आणखी एक कप मागितला. माझं लक्ष घड्याळाकडे. काही माणसांच्या शांतपणाचा किती संताप येऊ शकतो हे त्या दिवशी मला कळलं.

मग उठून म्हणाले, "धाकूच्या घरी जाऊ."

धाकूमामा अजून वरच होते. उन्हाने लाल झालेले. बिशप अंगणात उभे राहिले, चपला काढल्या आणि वर न बघता अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काय रं धाकू, दारात पाहुणा आलाय. पाय धुवायला पाणी नाही का घरात?"

असा माणूस आमच्याकडे नाही जो हे ऐकून छपरावर बसून राहील. धाकूमामा शिडीवरून जवळजवळ घसरतच आले. काशीवैनीने तांब्या आणला. बिशप अंगणातल्या दगडावर बसले आणि मामांनी त्यांचे पाय धुतले. दोन्ही, घोट्यापर्यंत, चोळून. आवाज ऐकून ताप आलेला माणूस आला, बैलवाला आला, हळूहळू अंगण भरलं. बिशप म्हणाले, "तुझ्या बापानं याच दगडावर बसून माझ्या पायातले काटे काढलेत. कितीदा, त्याची गणती नाही. मी तेव्हा पंचविशीचा, तो माझ्यापेक्षा थोर. मी पाय पुढे केला, कारण चालायचं होतं. पाप लागलं असेल तर मला आधीच लागलंय." मग चर्चकडे बोट करून म्हणाले, "तुझं घर हे, माझं घर ते. संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात पाहुणे. पाणी मी देणार. पाहुण्यानं नको म्हणायचं नसतं." आणि चपला घालून निघाले. उपदेश नाही, काही नाही.

पाच वाजता अकरा माणसं अंघोळ करून, केसांना तेल लावून, पाय दगडाने घासून घासून लाल करून हजर झाली. अकरा. नेरळला गेलेला नेरळलाच होता. फादर माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, अकरा चालतील." मला ते चालणार नव्हतं. सकाळपासून माझा जीव मेटाकुटीला आला होता, आणि ती एक रिकामी खुर्ची माझ्याकडे बघून दात काढतेय असं वाटत होतं. आमचे हे मागच्या खांबाला टेकून उभे होते. मी सरळ गेले आणि म्हटलं, "चला. बाराव्या खुर्चीवर बसा."

"माझे बूट..."

"एकच काढायचा. उजवा. उजवाच पाय धुतात."

यांनी मान हलवून खात्री करून घेतली. उजवाच ना? उजवाच. मग जाऊन बसले.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण पुढे हा अनुभव मी जिथे जिथे सांगितला तिथे लोक म्हणाले, तुम्हाला आतून प्रेरणा झाली असेल. नाही झाली. त्या वेळी माझ्या मनात यांच्या डाव्या पायाचा विचारही नव्हता. मला बारा आकडा पुरा करायचा होता, एवढंच.

विधी सुरू झाला. बिशपांनी वरचा झगा उतरवून कमरेला टॉवेल बांधला आणि धाकूमामांपुढे गुडघे टेकले. मामांनी डोळे गच्च मिटले, जणू मी इंजेक्शन द्यायला आलेय. फादर पाणी घालत होते, मी कोरडे टॉवेल पुढे करत होते. प्रत्येक माणसानंतर बिशपांना उठायला वेळ लागायला लागला. आठव्यानंतर ते उठलेच नाहीत, गुडघ्यांवरच पुढे सरकत राहिले. अकरावा झाला. मग आमचे हे. उजवा पाय धुतला, पुसला, ओठ टेकवले. मी मनात म्हटलं, आटपलं.

आणि बिशपांनी हात पुढे करून डाव्या बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली.

फादर वाकून पुटपुटले, "एकच, एकच." बिशपांना त्या कानाने कमी ऐकू यायचं. नाडी सुटली. यांनी पाय मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. तू फसवलंस, असं स्पष्ट लिहिलेलं होतं तिच्यात. "नको," हे म्हणाले. बिशप तसेच बसून राहिले, ओंजळ पुढे केलेली, घाई नाही, जबरदस्ती नाही. एक म्हातारा माणूस जमिनीवर गुडघे टेकून थांबलाय आणि सगळं चर्च बघतंय. पहिल्या खुर्चीवरून धाकूमामांचा आवाज आला, हळू म्हणून काढलेला पण सगळ्यांनी ऐकलेला. "आता कशाला लाजतूस रं? सकाळी आमाला हसत व्हतास ना? दे की पाय!"

यांनी पाय दिला.

बूट निघाला, पण मोजा निघेना. चिकटला होता. त्याबरोबर वास आला, आणि तो वास मला ओळखीचा होता. माझ्या हातातले टॉवेल मी खाली ठेवले. बिशपांनी मोजा ओढला नाही. मोज्यासकट पाय घंगाळात ठेवला आणि वरून ओंजळीने पाणी घालत राहिले, मोजा सुटा होईपर्यंत. दवाखान्यात मी हेच केलं असतं. मग मोजा अलगद काढला. करंगळी काळी पडली होती. तिच्या शेजारचं बोट निळं. तळव्याला खिळ्याने पडलेलं भोक, कधी पडलं ते यांनाही माहीत नव्हतं, कारण त्या पायाला दुखणंच कळत नव्हतं. बिशपांनी कपाळाला आठीही पडू दिली नाही. जखमेच्या कडेकडेने टॉवेलने टिपलं, घोट्याच्या वर ओठ टेकवले, जसे इतर अकराजणांना टेकवले तसेच, आणि मग मान वर करून म्हणाले, "बाई, इकडे या."

मिस्सा पुढे चालू राहिली. आम्ही बाहेर आलो. दवाखान्यात नेऊन मी पट्टी बांधली, आणि बिशपांनी ड्रायव्हरला सांगून पाठवलं होतं, तो जीप घेऊन दारात आला. पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. आमचे हे जीपचा दांडा धरून उभे. चढेनात. "माझ्या बापाचा पाय तिथंच गेला," एवढंच एक वाक्य. मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. काही उपयोग नाही. इतक्यात ख्रिस्तप्रसाद वाटून बिशप बाजूच्या दाराने बाहेर आले, अंगावर पूर्ण पोशाख, एका हाताने गुडघा धरलेला. यांना म्हणाले, "पाय कापतील की ठेवतील ते मला ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही. मघाशी माझ्या हातात दिलात ना? आता तसाच बाईंच्या हातात द्या. पुढचं पुढे." आणि परत आत गेले, कारण मिस्सा संपायची होती.

हे जीपमध्ये चढले. मागच्या बाकावर बसून डावा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. चौकपासून पनवेलपर्यंत हायवेच्या खड्ड्यांतून तो पाय मी दोन्ही हातांनी धरून होते. वाटेत मी प्रार्थना केली का? नाही सुचली. देवाला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाय होता आणि हात होते.

दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस बुटात ठेवला असता तर गुडघ्यापासून काढावा लागला असता, आणि मग पुढचं सांगता येत नाही. ईस्टर आम्ही वॉर्डातच केला. धाकूमामा एसटीने भेटायला आले, पिशवीभर करवंदं घेऊन, साखरेच्या माणसाला चालतील का ते न विचारता. "अकरा पाय बरं, यकच सडका निघाला," असं म्हणून मोठ्यांदा हसले. परिचारिका ओरडल्या.

पुढच्या आठवड्यात बिशप स्वतः आले. निघताना मी त्यांच्याबरोबर व्हरांड्यापर्यंत गेले आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"यांच्या डाव्या पायाचं. अकराजणांचा तुम्ही एकच पाय धुतला. यांचाच दुसरा का मागितला?"

ते थांबले. मनातल्या मनात मोजत असावेत. "एकच धुतला? मला वाटलं मी सगळ्यांचे दोन्ही धुतोय."

"नाही. एकच. उजवा."

"मग विसरलो असेन," ते म्हणाले. "गुडघे फार दुखत होते. किती झाले, किती राहिले, काही कळत नव्हतं. धाकूनं दुपारी माझे दोन्ही धुतले, तेच डोक्यात राहिलं असेल." आणि हसले.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. इतका मोठा माणूस, काहीतरी चांगलं बोलेल, देवाने सुचवलं म्हणेल, म्हणजे मला ते घरी नेता येईल आणि चार लोकांना सांगता येईल. तर हे म्हणतात, विसरलो. कितीतरी दिवस मी त्यावर कुढत होते. मग हळूहळू लक्षात आलं की मला जे हवं होतं ते मी तीन आठवडे मागत होते, नवऱ्याला अक्कल दे म्हणून. अक्कल कुणालाच दिली गेली नाही. यांना नाही, मला नाही, त्या दिवशी बिशपांनाही नाही. एक जण छपरावर चढला, एक जण नेरळला गेला, एक बाई आकड्यासाठी हट्टाला पेटली आणि एक दमलेला म्हातारा मोजणी चुकला. आमच्या शहाणपणातून आत यायला देवाला जागा नव्हती. चुकांतून होती. याहून जास्त मी सांगू शकत नाही, आणि कुणाला पटवायचंही नाही.

तेव्हापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी घंगाळ निघतं. हे खुर्चीवर बसतात, मी पाटावर. आठ बोटं, दोन तळवे, दोन टाचा, टॉर्च लावून बघायच्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. हे कुरकुरतात, मी दुर्लक्ष करते. साखर आहे, पाय आहे, हे अजून चालतात.

बिशप गेल्याची बातमी काही वर्षांनी आली, एका साध्या दिवशी, दुपारच्या टपालाने. त्या संध्याकाळीही नेहमीप्रमाणे मी यांचे पाय बघितले, पुसले, आणि पाणी टाकायला उठले. यांनी माझ्या हातातून घंगाळ घेतलं. परसात जाऊन पाणी टाकलं, बोटं गेल्यापासून चालतात तसे तोल सांभाळत ताजं पाणी घेऊन आले, आणि पाटावर बसले. "आता तू खुर्चीवर बस."

"काय चाललंय? उठा. कुणी बघेल."

"बघू दे. टाचा बघ तुझ्या. किती भेगा पडल्यात."

"नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा? वेड लागलंय का? पाप कुणाला..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. मला धाकूमामा दिसले, उन्हात आढ्यावर बसलेले, आणि खाली कमरेवर हात ठेवून ओरडणारी मी. बारा माणसांना मी त्या दिवशी मनात मूर्ख म्हटलं होतं. आयुष्यभर लोकांचे पाय धरणाऱ्या मला माझा पाय कुणाच्या हातात देणं किती अवघड आहे, ते त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं.

हे खाली बसून होते, ओंजळ पुढे करून. घाई नाही, जबरदस्ती नाही. बसण्याची ती तऱ्हा मी कुठे पाहिली होती ते मला आठवलं. देवाचे आभार मानायचे ते मी मनात मानले, बिशपांचेही मानले. आणि मग पदर सावरून खुर्चीवर बसले, आणि उजवा पाय पुढे केला. तो धुऊन झाल्यावर, यांनी मागायच्या आधीच, डावाही.